अक्रोडाखाली थांबायचं नाही

एमॉस थ्वेट बाग दाखवायचा म्हणजे काय करायचा, तर कुठे कुणाचं काय मोडलं ते सांगत हिंडायचा. आणि लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

हॅथरस्केल हॉल या जुन्या वाड्याच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं तिकिटं फाडली आणि जुन्या तबेल्यात चहा ओतला. रविवारी दोन वाजता फेरी निघाली की पेटीला कुलूप लावायचं आणि मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यांना हाकत सगळ्यांच्या शेवटी चालायचं, हे माझंच काम. फेरीचं तोंड एमॉस, शेपूट मी. तोंड कसलं, गटारच म्हणा. हॉलच्या बाईसाहेबांना छप्पर दुरुस्त करायचं होतं म्हणून त्यांनी बाग लोकांना उघडली आणि मुख्य माळी म्हणून फेरी एमॉसच्या गळ्यात मारली. पहिल्याच रविवारी तो लोकांना म्हणाला, "चिखलात पाय घसरला तर खाली पडा, पण माझ्या झाडांना धरू नका. तुमची हाडं सरकारी दवाखान्यात फुकट जोडून मिळतात."

लोकांना वाटलं, वा, काय गमतीचा म्हातारा! पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी. बाईसाहेब खूश.

खरबुजांच्या काचघरापाशी पहिला थांबा. हातातलं फावडं काठीसारखं टेकून एमॉस उभा राहायचा. "अकरा वर्षांचा असताना मी इथली एक काच फोडली. माझा बापही इथेच माळी. त्याने फावड्याच्या दांड्याने माझं खांद्याचं हाड मोडलं. काच त्याच दिवशी बसली, हाड बसायला सहा आठवडे लागले. पुढे चला, मंडळी."

दुसरा थांबा तारेपाशी. करड्या खारी फुलांचे कंद उकरून खातात. त्यांना मारून तो शेपटीने ओळीत टांगायचा. "बाकीच्या खारींना कळावं म्हणून. माणसांनाही कळलं तर उत्तम. पुढे चला."

मग कमळांचं दगडी टाकं. तिथे तो डोकी मोजायचा. फाटकावर एकदा आणि टाक्यापाशी एकदा, न चुकता. आणि एका वर्षी टाक्यापाशी एक डोकं कमी भरलं. मागे जाऊन बघतो तर हॅरोगेटचा एक सभ्य गृहस्थ, गळ्यात टाय, गुडघ्यांवर बसून मिटलेल्या छत्रीत कंद टाकतोय. एमॉसने त्याला कॉलर धरून टाक्यापर्यंत ओढत आणला आणि डोकं पाण्यात दाबलं. वर काढलं, परत दाबलं. तिसऱ्या वेळी मी आणि दोघातिघांनी मिळून ओढलं तेव्हा सोडला. तो गृहस्थ हिरवं पाणी ओकला. फौजदारी झाली, ताकीद मिळाली आणि पुढच्या रविवारपासून तीही गोष्ट फेरीत आली. "जानेवारीतलं पाणी होतं हो. वरचा बर्फ त्याच्या कपाळानेच फोडला. पुढे चला."

हसायचे. पोट धरून हसायचे.

तुम्ही म्हणाल, मूठभर कंदांसाठी एवढं? बायांनो, तुम्हाला स्नोड्रॉपवाले माहीत नाहीत. फेब्रुवारीत बाहेर काळं कुत्रं फिरकत नाही तेव्हा ही माणसं चिखलात पालथी पडून, भिंग लावून, मान खाली घातलेल्या बोटभर पांढऱ्या फुलाच्या पोटात बघतात. हिरवा ठिपका एक की दोन? एवढ्या फरकावर भावाभावांत अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. आणि आमच्या बागेत अक्रोडाखाली असं एक फूल होतं, जे दुसरीकडे कुठेच नव्हतं. बाहेरच्या पाकळीवर दोन बारक्या हिरव्या रेघा, टाके घातल्यासारख्या. त्याचं नाव थर्झा.

थर्झा एमॉसची बायको. फूल तिलाच सापडलं, त्याच अक्रोडाखाली, कपडे वाळत घालताना. त्यांचं घर तेव्हा तिथेच, भिंतीला लागून होतं. एमॉसने फुलाला तिचं नाव दिलं, पाटी स्वतः रंगवली. तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता. माझ्या नवऱ्याने आयुष्यात माझं नाव फक्त लग्नाच्या कागदावर लिहिलं.

आता आमच्याकडे बागवाल्यांत एक म्हण आहे, झाड राखायचं असेल तर वाटून टाक. म्हणजे आपल्याकडचं मेलं तर शेजाऱ्याकडून परत आणता येतं. लहान पोरालाही ठाऊक असतं हे. एमॉसला मात्र वाटणं म्हणजे लुटणं. चार वर्षांत दोनाचे नऊ कंद झाले तेव्हा थर्झाने एक कंद मला आणून दिला. मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. "मेव्हिस, लाव गं तुझ्या दारात. एकाच जागी ठेवून मन धास्तावतं."

मी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एमॉस माझ्या दारात फावडं घेऊन उभा. कंद खणला, खिशात टाकला आणि गेला. मी आपली खिडकीतून बघत राहिले. अर्ध्या तासाने थर्झा रस्त्याने आली. ओठ फाटून लोंबत होता, अंगातला स्वेटर रक्ताने भिजला होता. अक्रोडाखालीच मारलं म्हणाली, मुठीने, एकदाच. मी तिला डॉक्टरकडे नेलं. दोन टाके पडले. तिथूनच ती बसने गेली, व्हिटबीकडे, बहिणीच्या घरी. कोटाच्या खिशातून मातीचा चुरा सांडत होता, तो मी पाहिला आणि गप्प बसले.

याला एकवीस वर्षं झाली होती. आणि एकवीस वर्षांत, दर रविवारी, सगळे मोडलेले हात आणि फुटलेली डोकी मोजणारा हा माणूस अक्रोडापाशी आला की फक्त म्हणायचा, "हे फूल. जगात एवढंच आहे. दोरीच्या आत पाऊल टाकाल तर पाऊल इथेच राहील. इथे थांबायचं नाही. पुढे चला."

मग ब्याण्णवच्या हिवाळ्यात त्या फुलाला राखाडी बुरशी लागली. ती एकदा शिरली की कंदाचा लगदा करते, दोन आठवड्यांत ताटवा साफ. मी तबेल्यातून राख टाकायला मागे गेले तर हा लोखंडी पिंपात जाळ करून त्यात कंद टाकत होता, माती टाकत होता, हातमोजेसुद्धा टाकले. रडत नव्हता. शिव्या देत होता. मला, देवाला, पावसाला. मग पिंपाला अशी लाथ घातली की ते उलटलं आणि निखारे त्याच्या बुटांवर पडले. ते झटकायचंही भान नव्हतं त्याला.

"कुणाला सांगितलंस तर याद राख, मेव्हिस."

"काय सांगू? सांगण्यासारखं उरलंय काय?"

त्याने त्या जागी साधे स्नोड्रॉप लावले, ओढ्याकाठी पायलीचे पन्नास मिळतात तसले. पाटी तीच. दोरी मात्र दोन पावलं मागे नेली, म्हणजे कुणाला रेघा दिसू नयेत. आता त्याला चोराची भीती नव्हती, उघडं पडण्याची होती. त्या हिवाळ्यात तो इतका वाळला की पॅंट सुतळीने बांधायला लागला. जेवणाच्या डब्यातली पाव-चीजची चवड तशीच कोंबड्यांना घालायचा. आणि रविवारी दोरीपाशी उभा राहून, त्या साध्या फुलांकडे फावडं रोखून म्हणायचा, "जगात एवढंच आहे." मला ते ऐकवेना. माणूस कसाही असो, असं डोळ्यांदेखत खंगताना बघवत नाही.

नसता शहाणपणा माझा! मी थर्झाला पत्र लिहिलं, तिचं फूल संपलं म्हणून.

उत्तर चार ओळींचं आलं. "फूल माझ्या नावाचं आहे, त्याच्या रागापायी मरायला नको. तीन कंद घेऊन फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी येते. लावेन आणि जाईन. त्याला माझं नाव सांगायचं नाही, आधी नाही, नंतर नाही. शपथ घे." मी शपथ घेतली. स्नोड्रॉप हलवायचे तर फेब्रुवारीतच, पानं हिरवी असताना, फुलासकट. बाकीचे कंद झोपेत हलवतात, हा जागेपणी. म्हणजे लावणाराही खुरपं घेऊन गुडघ्यांवर आणि चोरणाराही खुरपं घेऊन गुडघ्यांवर, एकाच महिन्यात, एकाच चिखलात. हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

ती आली. तपकिरी मेणकापडाचा कोट, टोपडं डोळ्यांपर्यंत ओढलेलं, पायात गमबूट, हातात झाकणाची टोपली. तिकीट देताना मी तिचा हात धरला. गार होता.

"म्हातारी झालीस की गं, मेव्हिस."

"तू काय सोळाची आहेस? गप चल. अक्रोडापाशी मागे राहा. मी पुढच्यांना रेटते."

एमॉसने फाटकावर मोजलं. एकतीस.

फेरी निघाली. काचघरापाशी बापाने हाड मोडलं, लोक हसले. तारेपाशी तेरा खारी, लोक हसले. मी थर्झाकडे बघितलं. तिचं टोपडं हललं नाही. एकवीस वर्षांनी ती नवऱ्याचा आवाज ऐकत होती आणि त्या आवाजात सगळ्यांची दुखणी होती, तिचं सोडून. अक्रोडाशी आलो. "जगात एवढंच आहे. इथे थांबायचं नाही. पुढे चला, मंडळी."

मी म्हाताऱ्यांना रेटलं. "चला चला, टाक्यापाशी कठडा आहे, टेकायला मिळेल." मागे वळून बघितलं तर थर्झा दोरीखालून वाकून आत गेली होती.

आणि टाक्यापाशी एमॉसने डोकी मोजली.

सव्वीस वर्षं दर रविवारी बघितलेली गोष्ट मी विसरले. सव्वीस वर्षं! "तीस," तो म्हणाला. मला. सरळ माझ्या डोळ्यांत बघून. "मेव्हिस, एक कुठाय?"

"संडासला गेली असेल."

संडास त्याच्या पाठीमागेच होता, दार सताड उघडं. त्याने फावडं काठीसारखं धरलं होतं ते दोन्ही हातांनी धरलं आणि निघाला. पासष्टीचा माणूस, पण धावला. मी मागे धावले, लोक माझ्यामागे, त्यांना वाटलं आता आणखी एक गंमत. यूच्या झाडांच्या कुंपणाचा कोपरा वळलो तर समोर ती, गुडघ्यांवर, आमच्याकडे पाठ. खुरपं ओलं. हातात हिरवी पानं. ती त्यांच्या मुळाशी माती दाबत होती, पण मागून बघणाऱ्याला काय दिसणार?

मी ओरडले, "एमॉस, नको!" तिचं नाव घेतलं असतं तर तो थांबला असता. नाव ओठांवर होतं. पण मला शपथ आठवली. दोन पावलांचा उशीर, बस, तेवढ्यात मी शपथेचा विचार करत बसले.

फावड्याचं पातं कडेने तिच्या मनगटावर बसलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ती कुशीवर पडली आणि हात पंज्यापाशी भलतीकडे वळलेला. त्याने दुसऱ्यांदा फावडं उगारलं. "छत्रीवाल्याचं ऐकलं नव्हतंस? ऐकलं नव्हतंस, सटवे?" तेव्हा टोपडं मागे पडलं.

फावडं वरच राहिलं.

"थर्झा?"

ती उठून बसली. मोडका हात मांडीवर घेतला, चांगल्या हाताने झाडाचा बुंधा धरला आणि उभी राहिली. मी आधार द्यायला गेले तर मला कोपराने ढकललं. चेहरा चुन्यासारखा पांढरा, पण आवाज खणखणीत.

"मला वाटलं चोर..." तो म्हणाला. "थर्झा, मला काय माहीत... मी..."

"कंद कुठला होता रे ज्यासाठी मारलंस? ओढ्याकाठचा? गाढवा, मी लावत होते. तुझंच फूल तुला परत लावत होते."

एमॉसने खाली बघितलं. साध्या फुलांच्या मधोमध तीन नवी, ताज्या मातीत, बाहेरच्या पाकळीवर दोन हिरव्या रेघा. त्याचं फावडं गळून पडलं. तोंडातून असा आवाज निघाला की लोकांमधली एक बाई मागे सरली.

थर्झा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती लोकांकडे वळली. तीस जणं, काहींच्या तोंडावर अजून अर्धवट हसू, पुसायचं राहिलेलं.

"मंडळी, यांनी एक थांबा चुकवला," ती म्हणाली. "इथे, या अक्रोडाखाली, यांनी बायकोचा ओठ फाडला. दोन टाके. कारण तिने मैत्रिणीला एक फूल दिलं. आणि आज त्याच बायकोचा हात मोडला. हसा की! काचघरापाशी हसलात, तारेपाशी हसलात. आता का तोंडं पडली?"

माझी मान जी खाली गेली ती वर येईना.

मग तिने पाय उचलला आणि पहिल्या फुलावर गमबुटाची टाच ठेवली. ठेवून फिरवली.

"नको!" एमॉस गुडघ्यांवर कोसळला. "थर्झा, पाया पडतो, नको, माझ्याकडे एकही नाही! सगळी मेली! एकही नाही!"

"ठाऊक आहे. माझ्याकडे साठ आहेत. बहिणीकडे वीस. आमच्या गल्लीत असं दार नाही की जिथे हे नाही. पाद्र्याकडे आहे, खाटकाकडे आहे. मी मागेल त्याला दिलंय." दुसऱ्या फुलावर टाच पडली. "जगात सगळीकडे आहे हे. फक्त तुझ्याकडे नाही, आणि नसणार."

तिसऱ्या फुलावर त्याने हात पालथा घातला. जित्याची खोड म्हणतात ती हीच, तेव्हाही त्याला राखायचंच सुचलं. ती थांबली नाही. टाच हातावर पडली, एकदा, परत एकदा, पूर्ण अंगाच्या भाराने. बोटं मोडल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो कण्हला, पण हात काढला नाही. चौथ्या वेळी बोटांच्या फटीतून पांढरा लगदा वर आला तेव्हा ती बाजूला झाली.

"पुढे चला," ती म्हणाली, आणि फाटकाकडे चालायला लागली. मी तिच्यामागे धावले.

पोलीस आले तेव्हा तिने काही लपवलं नाही, स्वतःची टाचही नाही. तिला समज देऊन सोडलं. त्याला चार महिन्यांची कैद झाली. बाईसाहेबांनी त्याला बागेत पाऊल टाकायची बंदी केली. चिरडलेल्या कंदांच्या कांद्यासारख्या पाकळ्या त्याने त्याच दिवशी, पोलीस येण्याआधी, मोडक्या बोटांनी टोपीत वेचल्या होत्या. जिवंत तुकडा राहिला तर त्यातून नवा कंद फुटतो कधीकधी. तुरुंगात जाण्याआधी ओल्या भुशात घालून फडताळात ठेवल्या. परत आला तेव्हा भुसा राखाडी झाला होता.

आता फेरी मी काढते. काचघर दाखवते, टाकं दाखवते, पण कुणाचं काय मोडलं ते तिथे सांगत नाही. अक्रोडाखाली थांबते आणि सगळं सांगते, मी काय केलं आणि काय नाही केलं तेही. एखादा तरी हसतोच, सवयीने. मी त्याच्याकडे बघत राहते, तो गप्प होईपर्यंत.

त्या दिवशी दवाखान्यात हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा थर्झा मला म्हणाली होती, "टोपलीत तळाशी चौथा आहे. तुझ्यासाठी आणला होता. तुझं राहिलं होतं ना एक. कोणालाही वाट, मेव्हिस. त्याला सोडून." तो मी माझ्या दारात लावला, एमॉसने जिथून खणून नेला होता त्याच जागी. आता त्याचे अकरा झालेत. आठ मी वाटून टाकले.

फेब्रुवारी आला की एमॉस रोज येतो. माझ्या भिंतीपाशी उभा राहतो, उजवा हात खिशात. ती बोटं आता सरळ होत नाहीत. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"एक दे, मेव्हिस. एकच. हात लावणार नाही कुणाला. शपथ."

खोटं कशाला बोलू, खुरपं हातातच होतं माझ्या. एक क्षण वाकलेसुद्धा. मग तीच फुलं दिसली, दोन टाके घातलेली.

"चहा टाकते," मी म्हटलं. "बाहेर बाकावर बस."

तो बसला. डाव्या हाताने कप धरून, फुलांकडे बघत, सगळा चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी परत आला. मी रोज त्याला चहा देते. फूल देत नाही.